मसाला कॉफी बिघडते कुठे? या चुका टाळा

मागच्या कोजागिरीला आमच्या अंगणात बारा माणसांची कॉफी नासली. दूध म्हशीचं, सकाळचं, नीट तापवलेलं. साखर, वेलची, जायफळ सगळं जागच्या जागी. मी गॅस बंद केला आणि पाहुण्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "थोडं आलं घाला ना, मस्त लागेल." आलं किसून, मुठीत पिळून रस पातेल्यात घातला. कप मांडून परत येते तो वर पिवळसर पाणी आणि खाली चोथा. चंद्र डोक्यावर, मंडळी अंगणात चटयांवर, आणि मी पातेलं घेऊन मागीलदारी.

आमचं घर गुहागर तालुक्यात. आगरात नारळ-पोफळी, त्यांच्या सावलीत दोन जायफळाची आणि एक दालचिनीचं झाड, आणि पर्यटकांसाठी दोन खोल्या. नवरात्रापासून माणसं यायला लागतात. मुंबई-पुण्याची मुलं हल्ली चहाऐवजी मसाल्याची कॉफी मागतात, त्यामुळे गेल्या काही वर्षांत मी ती शेकड्यांनी केली आणि बऱ्याच तऱ्हांनी बिघडवली. बिघडली तेव्हा प्रमाण फारसं चुकलेलं नसायचं, वेळ चुकलेली असायची. प्रत्येक जिन्नस पातेल्यात पडायची एक वेळ असते, ती हुकली की मग कितीही ढवळा.

आलं आणि गूळ: दूध फाडणारी जोडी

ताज्या आल्यात दुधातलं प्रथिन तोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं. साधारण ६० अंशांच्या आसपास, म्हणजे गॅस बंद केल्यावर दूध निवत असतं नेमक्या त्या वेळी, ते जोरात काम करतं. उकळीत मात्र ते मरतं. चहात आलं आपण आधी पाण्यात खळखळ उकळतो, म्हणून चहा नासत नाही. कॉफीत मात्र चव ताजी राहावी म्हणून आलं शेवटी घालायची हौस येते आणि तिथेच घोटाळा होतो. चीनमध्ये याच गुणावर आल्याच्या रसावर गरम दूध ओतून दह्यासारखा गोड पदार्थ लावतात. मुद्दाम केला तर पदार्थ, चुकून झाला तर नुकसान.

आलं घालायचंच असेल तर अर्धी वाटी पाण्यात ठेचून चार-पाच मिनिटं उकळा, गाळा आणि ते पाणी दुधात घाला. माझं मत विचाराल तर कॉफीला सुंठच बरी. तिचा तिखटपणा कोरडा असतो, कॉफीच्या कडूपणाशी भांडत नाही. तीही पाण्यातच उकळून घ्यायची.

गुळाची गोष्ट वेगळी. गुळात थोडा आंबटपणा असतो, कॉफीतही असतो, आणि दूध कढत असताना दोन्ही एकदम पडले की ते फाटतं. दूध कालचं असेल तर हमखास. गूळ दोन चमचे गरम पाण्यात विरघळवून कपाच्या तळाशी घ्या, त्यावर कॉफी ओता. किंवा गॅस बंद करून दोन मिनिटं थांबा आणि मग पातेल्यात घाला. गूळ घातलेली कॉफी पुन्हा गॅसवर चढवायची नाही. उशिरा उठलेल्या पाहुण्यासाठी मी ती एकदा चढवली आणि त्यालाच कोरी कॉफी प्यावी लागली.

जायफळ

मराठी घरात कॉफी म्हटलं की जायफळ आलंच. तरी सगळ्यात जास्त चुका मी त्यातच पाहते.

पहिली चूक पुडीची. बाजारातली जायफळपूड डबा उघडल्यावर थोडे दिवस वास देते, मग तो भुसा उरतो. जायफळाचा सगळा जीव त्यातल्या उडून जाणाऱ्या तेलात असतो. अख्खं जायफळ घ्या आणि लागेल तेवढंच काढा. घेताना हातावर तोलून बघा. वजनाला हलकं, बारीक भोकं पडलेलं असेल तर किडीने आधीच खाल्लंय. चांगल्या जायफळावर नख रोवलं तर तेलाची ओलसर खूण उमटते. आमच्याकडे पावसात फळं तडकून पडतात. वरची लाल जायपत्री सोडवून वेगळी सुकवायची आणि कवचासकट बी घरात, उबेला ठेवायची. दसऱ्याच्या सुमाराला कवच हलवून बघितलं की आत बी खुळखुळते. तेव्हा ते फोडायला तयार असतं.

दुसरी चूक किसण्याची. किसलेलं जायफळ कॉफीवर तरंगतं, सायीला चिकटतं, पहिल्या घोटात सगळं तोंडात येतं आणि पुढची कॉफी मुळमुळीत. सासूबाई जायफळ कधीच किसत नाहीत. बाळगुटीची सहाण घेतात, तिच्यावर चमचाभर दूध टाकतात आणि जायफळ गोल फिरवत उगाळतात. एका कपाला पाच-सहा वेढे पुरे. सहाणेवर तांबूस गंध जमतं, ते बोटाने निपटून कपात. असं उगाळलेलं जायफळ दुधात मिसळून जातं, तळाशी रवाळ लागत नाही. सहाण नसेल तर अगदी बारीक किसणीवर दोनदा घासा आणि ते आधी साखरेत चोळून घ्या. साखर तेल धरते.

तिसरी चूक उकळण्याची. जायफळ, वेलची उकळीत टाकलीत तर घरभर दरवळ सुटतो. तो दरवळ म्हणजे कपातून गेलेला वास. ही दोन्ही गॅस बंद केल्यावर घालायची आणि वर झाकण ठेवायचं. एका मिनिटाने ओता.

आणि हात आखडता ठेवा. एक अख्खं जायफळ साधारण ५ ग्रॅमचं असतं. तेवढं एकदम पोटात गेलं तर मळमळ, चक्कर, छातीत धडधड, भ्रमसुद्धा होऊ शकतो. कपाला चिमूटभर म्हणजे खरंच चिमूटभर. (जायफळ झोप आणतं आणि कॉफी उडवते, मग दोन्ही एकत्र कशाला, असं आमच्या मुलाने विचारलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "चवीला." विषय संपला.)

दालचिनी आणि लवंग

यांचं उलट. ही लाकडासारखी कडक, त्यांना वेळ द्यावा लागतो. बोटाच्या पेराएवढा दालचिनीचा तुकडा पाण्यात टाकून पाच-सात मिनिटं मंद उकळायचा. दालचिनीची पूड मात्र उकळू नका. ती पाण्यात फुगते, बुळबुळीत होते आणि कॉफी ओतताना तार धरते. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मला वाटलं दूध खराब आहे. झालंच तसं तर ताबडतोब मलमलच्या कापडातून गाळा. स्टीलच्या गाळणीने ते जात नाही.

पातळ पापुद्र्यांची, बोटाने चुरडता येणारी खरी दालचिनी आणि जाड, कडक, तिखट कॅसिया यांत फरक आहे. कॅसियाचा वास आक्रमक असतो आणि जास्त गेलं तर यकृताला बाधणारं कौमारिन नावाचं द्रव्य तिच्यात बरंच जास्त असतं. रोज पिणाऱ्याने खरी दालचिनी घ्यावी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' नावाची दालचिनीची जात दिली आहे, आमचं झाड तिचंच. झाड दारात असलं की एक हिरवं पानही उकळीत टाकता येतं. पानाचा वास लवंगेकडे झुकणारा असतो.

लवंग दोन कपांना एक. दोन घातल्या तर जीभ बधिर होते आणि त्यावर उपाय नाही. दूध वाढवा आणि चार माणसांना बोलवा.

कॉफीच मुळात कडवट

मसाल्याला दोष देण्याआधी कॉफी बघा. फिल्टर कॉफीची भुकटी दुधात टाकून चहासारखी उकळणं ही आपल्याकडची जुनी खोड. दुधात कॉफी नीट उतरत नाही आणि उकळत राहिली की नुसता कडूपणा उतरतो. मसाल्याचं उकळलेलं पाणी गाळून घ्या, अर्धा मिनिट थांबा म्हणजे ते ९०-९५ अंशांवर येतं, आणि ते फिल्टरमधल्या भुकटीवर ओता. मसाला आणि कॉफी एकाच पाण्यात उतरतात. इन्स्टंट असेल तर २०० मिलिलिटरच्या कपाला एक सपाट चमचा, तोही आधी दोन चमचे कोमट पाण्यात कालवून. कढत दुधात सरळ टाकली तर गोळ्या होतात.

पाकिटावर चिकोरीचं (कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळाच्या भुकटीचं) प्रमाण छापलेलं असतं, ते वाचा. चिकोरी जास्त असली की कॉफी काळी आणि दाट दिसते, पण जायफळ-वेलची तिच्याखाली दबून जातात. मसाला कॉफीला २० टक्क्यांपर्यंत चिकोरी ठीक.

कडू झालीच तर साखर वाढवू नका. मिठाचा एक कण टाका. खारट लागत नाही, कडूपणा मात्र उतरतो.

नारळाचं दूध

हल्ली पाहुणे विचारतात, गाईचं-म्हशीचं दूध नको, नारळाचं चालेल का. चालतं, छान लागतं, पण ते उकळायचं नाही. उकळलं की तेल वर आणि पाणी खाली. आमटीला नारळाचं दूध घालतानाचाच नियम: दुसरं पातळ दूध गरम करा, पहिलं दाट दूध गॅस बंद झाल्यावर. आणि कॉफी नारळाच्या दुधावर बारीक धारेने ओता, उलट नको. इथे गुळाची भीती नाही. शिरवाळ्यांबरोबर (तांदळाच्या शेवयांबरोबर) आपण गूळ घातलेला नारळाचा रस खातोच, तो कुठे फाटतो?

दमट हवा

ऑक्टोबरात पाऊस उलगडतो, पण हवेतली ओल जात नाही. इन्स्टंट कॉफीची बाटली दोनदा उघडी राहिली की तिसऱ्यांदा सुरीने फोडावी लागते. मोठी बाटली स्वस्त पडते म्हणून घेऊ नका, ५० ग्रॅमची घ्या. फ्रिजमध्ये ठेवून रोज बाहेर काढणं आणखी वाईट. गार बाटली उघडली की आत दव धरतं. आणि उकळत्या पातेल्याच्या वाफेवर बाटली धरून चमचा काढायचा नाही. आमच्याकडे बाटल्या अशाच गेल्या, ओल्या चमच्याने कमी आणि वाफेने जास्त.

दुपारची गार कॉफी

शरदातली मसाला कॉफी म्हटली की थंडी, शाल, वाफाळता कप असं चित्र दाखवतात. इथे भातकापणी चाललेली असते आणि दुपारी अंगाची काहिली होते. पहाटे दव पडतं तेव्हा गरम ठीक, दुपारी गारच हवी. गार कॉफीवर वेलचीपूड भुरभुरून काही होत नाही. गारव्यात मसाला उतरत नाही आणि गोडीही कमी लागते. त्यासाठी पाक करून ठेवा: एक वाटी साखर, एक वाटी पाणी, दालचिनीचे दोन तुकडे, दोन लवंगा, थोडी सुंठ. सात-आठ मिनिटं उकळा, बंद केल्यावर ठेचलेली वेलची घाला, झाकून गार करा, गाळा. काचेच्या बाटलीत, फ्रिजमध्ये आठवडा-दोन आठवडे राहतो. लाईट दिवसभर गेलेली असेल तर वास घेऊन मगच वापरा. कपाला दोन चमचे पुरतो. आणि बर्फ पाण्याचा नको. कालची उरलेली कोरी कॉफी बर्फाच्या साच्यात गोठवा, म्हणजे शेवटचा घोटही पहिल्यासारखा लागतो.

भोपळ्याची कॉफी

पुण्याची भाची दिवाळीत आली ती "मावशी, पम्पकिन स्पाइस लाटे करू" म्हणतच. स्टारबक्सने हे पेय २००३ साली अमेरिकेत आणलं. गंमत म्हणजे २०१५ पर्यंत त्यात भोपळा नव्हताच. नाव भोपळ्याच्या गोड पायला घालतात त्या मसाल्याचं: दालचिनी, जायफळ, सुंठ, लवंग. म्हणजे वास हवा असेल तर वरचा पाक पुरे. भोपळा येतो तो दाटपणासाठी.

आम्ही चुकलो ते असं. लाल भोपळा किसून सरळ दुधात शिजवला. दुधात दोरे, कच्चा वास आणि कॉफी पाणचट. दुसऱ्या दिवशी फोडी वाफवल्या, पाणी निथळू दिलं, गर चाळणीवर घासला आणि चमचाभर तुपावर परतला, घारग्यांसाठी परततो तसा, कडेने सुटेपर्यंत. कच्चा वास गेला. कपाला एक मोठा चमचा गर, दोन चमचे पाक, वरून कॉफी आणि गरम दूध, आणि रवीने घुसळून. सासूबाईंनी अर्धा कप घेतला आणि उरलेल्या गराकडे बघून कणीक आणि गूळ काढायला सांगितला. संध्याकाळी घारगे झाले, ते मात्र सगळ्यांनी साध्या जायफळाच्या कॉफीबरोबर खाल्ले.