छपराचा लाकडी पूल दुसरीकडे हलवायचा असेल तर

दोन बाजूंना दोन लांब लाकडी कैच्या (लाकडं एकमेकांत जोडून केलेल्या भार पेलणाऱ्या चौकटी), मधे फरशी, वर छप्पर. वजन पेलतात त्या कैच्या; छप्पर आणि बाजूच्या उभ्या फळ्या फक्त कैच्या कोरड्या ठेवायला. उघडा लाकडी पूल पंधरा-वीस वर्षांत कुजतो, झाकलेले पूल अमेरिकेत दीडशे वर्षं टिकले आहेत. म्हणून हलवताना जिवापाड जपायची ती कैची. पत्रा आणि फळ्या नव्या बसवता येतात.

आधी कैचीचा प्रकार बघा. उभे खांब आणि मध्याकडे झुकलेले तिरपे वासे असतील तर पूल सोडून, म्हणजे सुटे भाग करून, नेता येतो. पेनसिल्व्हेनियातला १८३२ चा ॲक्ली पूल असाच, पांढऱ्या ओकचा. १९३७ मध्ये तो सोडला आणि १९३८ मध्ये मिशिगनमधल्या डिअरबॉर्नला, ग्रीनफिल्ड व्हिलेजमध्ये उभा केला. फळ्यांची जाळी असेल तर मात्र सोडण्याच्या फंदात पडू नका, अख्खाच उचला. इथिएल टाऊन या वास्तुविशारदाने १८२० मध्ये पेटंट घेतलेल्या या जाळीत प्रत्येक छेदावर लाकडी खुंट्या असतात. शेकडो खुंट्या ठोकून काढताना बऱ्याच तुटतात आणि भोकं फाटतात. मिनेसोटातला झुंब्रोटाचा १८६९ चा जाळीचा पूल १९३२, १९७० आणि १९९७ असा तीनदा जागेवरून हलला. शेवटच्या खेपेला तो झुंब्रो नदीवर, मूळ जागेजवळच परत आला.

मापं घेताना खालच्या लांब तुळईच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणा आणि प्रत्येक खांबाशी तुळई दोरीच्या वर आहे की खाली ते टिपून ठेवा. चांगला पूल मध्ये किंचित वर उचललेला असतो. खाली लोंबला असेल तर सांधे सैल झालेत किंवा टोकं कुजलीत. टोच्या घेऊन तुळईची दगडी धक्क्यावर (काठावरच्या आधाराच्या भिंतीवर) टेकलेली टोकं तपासा. माती आणि ओल तिथेच साचते, त्यामुळे कूज बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. ओलावा मोजायचं यंत्र २० टक्क्यांच्या वर दाखवत असेल तर बुरशीला वाव आहे असं धरा.

अख्खा पूल उचलताना हमखास होणारी चूक म्हणजे मधोमध जॅक लावणं. पूल दोन्ही टोकांवर टेकण्यासाठी बांधलेला असतो: वरची तुळई दाबाखाली, खालची ताणाखाली. मध्ये टेकू दिला की हिशेब उलटतो. तिरपे आपल्या खाचेत केवळ दाबाने बसलेले असतात. ताण येताच ते खाचेतून सुटतात, आणि खाली ठेवल्यावर पुन्हा नीट बसतीलच असं नाही. उचल टोकांजवळच द्या. मध्ये आधार द्यायचाच असेल तर पुलाखालून लांब पोलादी तुळया घाला. सगळे जॅक एकदम, अर्ध्या अर्ध्या इंचाने चढवा आणि प्रत्येक चढीला ठोकळ्यांची चवड वाढवत न्या. वजन कमी करायला फळ्या, छपराचं आच्छादन आणि फरशी काढायला हरकत नाही, पण छपराखालचे आडवे-तिरपे बंध ठेवा. ते काढले तर वाऱ्याच्या एका झोतात कैची आडवी होईल.

सोडून न्यायचा असेल तर गोष्ट नेमकी उलट. आधी प्रत्येक खांबाखाली टेकू उभा करा, सांध्यावरचा भार उतरेपर्यंत उचला, मगच खुंट्या ठोका. खुंटी हलकेच सरकली तर भार उतरलाय असं समजा. घणाने झोडपावी लागत असेल तर थांबा. प्रत्येक तुकड्यावर ॲल्युमिनियमची चकती खिळा: बाजू, खांबाचा क्रमांक, वर-खाली. खडू पावसात जातो. जुन्या सुतारांनी सांध्यांवर छिन्नीने कोरलेले रोमन आकडे दिसले तर त्यांचे फोटो घ्या आणि रंधा तिथे फिरवू नका. जोडणीचा नकाशा आयता तिथेच असतो.

नव्या जागी धक्क्यांमधलं अंतर जुन्याइतकंच हवं. कमान असलेल्या पुलाला, उदाहरणार्थ अमेरिकेत व्हरमाँटच्या शेलबर्न म्युझियममधल्या १८४५ च्या दोन लेनच्या पुलाला, आणखी एक गोष्ट लागते. कमानीची टोकं खालच्या तुळईच्याही खाली, धक्क्यातच टेकतात, म्हणून दगडकामात त्यांच्या खाचा आधीच ठेवाव्या लागतात. तुळई थेट दगडावर ठेवू नका. मध्ये ओकचा जाड ठोकळा द्या. कुजला तर तो बदलता येतो. भोवती हवा खेळायला जागा ठेवा.

नव्या खुंट्या सरळ धाग्याच्या ओकच्या, करवतीने कापलेल्या नव्हे तर चिरून काढलेल्या, आणि भोकाच्या लाकडापेक्षा कोरड्या असाव्यात. बसवल्यावर ओल शोषून त्या फुगतात आणि घट्ट बसतात. ओली खुंटी ठोकली तर वाळल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात खुळखुळते.