गणपतीला पंधरा दिवस असताना घर रंगवायला काढणाऱ्यांसाठी: या चुका टाळा

चिपळुणात माझं रंगाचं दुकान आहे. श्रावण निम्मा सरला की एक ठरावीक गिऱ्हाईक दुकानात येतं. पायाला चिखल, हातात मोबाइल, आणि मोबाइलवर मुंबईतल्या कुणाच्या तरी हॉलचा फोटो. "काका, हाच रंग द्या. गणपतीला पंधरा दिवस राहिलेत." भिंत कशी आहे विचारलं की म्हणतं, "तशी बरी आहे. थोडी ओल येते, पण रंगाखाली जाईल झाकून."

नाही जात. हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. शेवटी मी दुकानदार माणूस, मागितलेला डबा देतो. पण तेच गिऱ्हाईक दिवाळीत "तुमचा रंग फुगला" म्हणून भांडायला येतं, तेव्हा चहा मलाच पाजावा लागतो. म्हणून हे एकदा लिहून ठेवतोय.

ओल्या भिंतीवर रंग

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. दुसऱ्यांची कशाला सांगू, माझीच सांगतो.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी शहरात शिरलं. 2005 चा पूर बघितलेला होता, त्यामुळे सामान माळ्यावर टाकलं की भागेल अशा भ्रमात होतो. घरात साडेपाच फूट पाणी चढलं. चिखल काढण्यातच पहिले आठ-दहा दिवस गेले. गणपती 10 सप्टेंबरला, म्हणजे पुरानंतर बरोबर पन्नासाव्या दिवशी. घरभर पंखे लावले, हॅलोजन लावले. ऑगस्टच्या शेवटी भिंतीला हात लावला तर कोरडी लागली. आमचे जुने पेंटरमामा म्हणाले, "शेठ, यंदा नुसता चुना मारा. भिंत पोटातून ओली आहे." मी हसलो. रंगाच्या दुकानदाराच्या घरात चुना? लोक काय म्हणतील!

दोन हात पुट्टी, एक हात प्रायमर, त्यावर दुकानातलं सगळ्यात भारी धुता येणारं इमल्शन. प्रतिष्ठापनेच्या दिवशी घर आरशासारखं चमकत होतं. पाचव्या दिवशी आरती चालू असताना माझी बहीण कानाशी येऊन म्हणाली, "दादा, मखराच्या मागे बघ, भिंतीला पुरी आलीय." खरंच, तळहाताएवढा टम्म फुगा. भाच्याने त्याला बोट लावलं आणि पिवळट पाण्याची धार खाली मखराच्या थर्माकोलवर आली. दसऱ्यापर्यंत अशा पुऱ्यांचा घाणाच निघाला. एक टोक धरून ओढलं की हातभर रंग सालपटासारखा यायचा, पाठीला पुट्टी घेऊन. खाली भिंतीवर कापसासारखा पांढरा लोणा. आणि हे सगळं साडेसहा फुटांपर्यंत, म्हणजे पाण्याच्या रेषेच्याही फूटभर वर.

असं का झालं ते मला आधीही माहीत होतं, म्हणून जास्त लागलं. आमच्याकडच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या. चिरा सच्छिद्र, पाणी पितो आणि वरही ओढतो. ते पाणी बाहेर पडायला महिने लागतात, आणि पावसाळ्यात हवाच भिजलेली असल्यावर ते बाहेर पडणार तरी कुठे? वरचा सूतभर थर पंख्याने सुकतो आणि आपण फसतो. मग धुता येणारा रंग लावायचा म्हणजे भिंतीला रेनकोट घालण्यासारखं आहे, फक्त पाणी आतल्या बाजूला. येताना ते विटा, चिरे, प्लास्टर यांतले क्षार सोबत आणतं. पृष्ठभागाशी पाणी उडून जातं, क्षारांचे खडे तयार होतात आणि ते रंगाला मागून ढकलतात. यात डब्यातल्या रंगाचा काहीएक दोष नसतो. रंग जितका भारी, तितका फुगा मोठा.

त्या नोव्हेंबरात सगळं प्लास्टरपर्यंत खरवडून काढलं. लोणा कोरड्या ब्रशने झाडला. तो पाण्याने धुऊ नका, विरघळून परत आत जातो. मग हिवाळा आणि अख्खा उन्हाळा घर तसंच उघडंबोडकं ठेवलं, खिडक्या सताड उघड्या. पाहुणे विचारायचे, मी विषय बदलायचो. 2022 च्या मे महिन्यात नवा रंग दिला. तो अजून टिकून आहे.

तेव्हापासून मी हातावर विश्वास ठेवत नाही. दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लास्टिक घ्या, चारही कडा चिकटपट्टीने भिंतीला बंद करा आणि एक दिवस-रात्र तसंच ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव धरलं तर भिंत ओली आहे, रंगाचा विषय बंद. ही परीक्षा जमिनीपासून फूटभर उंचीवर, खिडकीखाली आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर करा. भिंतीच्या मधोमध करून "पास झाली" म्हणणारेही मी बघितलेत.

आणि ओल असेल तर ती येते कुठून ते आधी शोधा. वरच्या मजल्यावरचं बाथरूम, गच्चीची भेग, छज्ज्याच्या वरची सांध, तुंबलेली पन्हळ, भिंतीतला नळ. पाणी बाहेरून येत असताना आतून "वॉटरप्रूफ" रंग मारणं हा मला निव्वळ आळस वाटतो. ओल तिथे थांबते आणि दोन फूट बाजूला फुटते.

गणपती तोंडावर आलाच असेल तर पेंटरमामांचं ऐका, चुना मारा. चुन्यातून भिंत श्वास घेते आणि घर पांढरंशुभ्र दिसतं. त्याला लाज वाटून घ्यायचं कारण नाही, आपल्या आज्यांनी तेच केलं. फक्त पुढे इमल्शन लावायचं ठरलं की तो चुना खरवडूनच काढायचा, त्यावर रंग चढवायचा नाही.

खाली काय आहे ते न बघता वर रंग

जुन्या भिंतीवर काळा कपडा किंवा तळहात घासून बघा. पांढरी पावडर आली तर खाली चुना किंवा भुगभुगीत झालेलं डिस्टेंपर आहे. त्यावर नवा रंग म्हणजे पिठावर शाई. ओलं करून पत्र्याने खरवडा, मग प्रायमर.

स्वयंपाकघरात आणि जिन्यात पूर्वी कमरेपर्यंत तेलरंगाचा पट्टा मारायचे. त्या गुळगुळीत भिंतीवर पाण्यातला रंग धरत नाही, नखाने सोलला जातो. ओळखायला कापसावर स्पिरिट घ्या आणि भिंतीवर घासा. रंग कापसाला लागला तर प्लास्टिक पेंट, म्हणजे पाण्यातला रंग, भिंत ढिम्म राहिली तर तेलरंग. मग पॉलिश पेपरने घासून चकाकी मारा आणि तेलरंगावर चालणारा प्रायमर द्या.

पण तेलरंग खूप जुना असेल तर कोरडा घासू नका. घरगुती रंगांत शिसं 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा) जास्त नको हा नियम भारतात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या तेलरंगांत किती असेल ते भिंतीकडे बघून कळत नाही. पाणी मारत मारत घासा, तोंडाला मास्क लावा आणि पोरांना त्या आठवड्यात आजोळी पाठवा. शिशाची धूळ सगळ्यात जास्त लहान मुलांनाच बाधते.

फोडणीच्या भिंतीवरचा आणि देवघरावरचा काळपट चिकट थर धुण्याच्या सोड्याने धुऊन, साध्या पाण्याने पुसून, सुकवून मगच पुढे. उदबत्तीचा डाग प्रायमरशिवाय तिसऱ्या हातातूनही वर येतो.

बुरशी नुसती पुसून रंगवू नका, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने मारा. मारताना खिडक्या उघड्या ठेवा आणि त्यात ॲसिड किंवा संडास साफ करायचं लिक्विड चुकूनही मिसळू नका. विषारी वायू होतो.

पुट्टीची घाई

पुट्टी म्हणजे क्रीम पावडर नव्हे की जेवढी थापाल तेवढी भिंत गोरी. पातळ दोन हात, मध्ये पुरता वेळ. मिसळलेली पुट्टी दोन-तीन तासांत संपवा. घट्ट झाली म्हणून त्यात पुन्हा पाणी घालणारा पेंटर दिसला तर त्याला तिथेच थांबवा. पॉलिश पेपर मारून झाल्यावर भिंत झाडून ओल्या फडक्याने पुसा. ही पाच मिनिटं वाचवण्यासाठी लोक पुढची पाच वर्षं रवाळ भिंत बघत बसतात.

एक माझी सवय सांगतो. रात्री दिवे बंद करून बॅटरी भिंतीला चिकटवून आडवी धरा. प्रत्येक खड्डा सावली टाकतो. दिसला की पेन्सिलीने गोल करा, सकाळी पेंटरला दाखवा. पेंटर वैतागतात. वैतागू देत.

"काका, तोच नंबर द्या"

ओल्या भिंतीनंतर माझं सगळ्यात जास्त डोकं खाणारी चूक ही. चार लिटरचा डबा नेतात, तीन भिंती होतात, चौथीला रंग संपतो. पेंटर उपाशी बसलेला. मग मालक स्कूटरवरून धावत येतो, "एक लिटर द्या, तोच नंबर." मी देतो. रंग मिसळायचं मशीन तेच, शेडचा नंबर तोच, आणि तरीही दुसऱ्या दिवशी उन्हात भिंत वेगळी दिसते. एक लिटरच्या डब्यात रंगद्रव्याचे मोजके थेंब पडतात, त्यात जरा फरक पडला तरी छटा हलते. त्यात पहिल्या डब्यात पेंटरने किती पाणी घातलं होतं ते दुसऱ्याला आठवत नाही. आणि हे सगळं नेमकं टीव्हीच्या भिंतीवर होतं.

हिशोब अवघड नाही. दहा बाय बाराची खोली, उंची दहा फूट. चार भिंती मिळून 440 चौरस फूट. दार-खिडकी वजा केली की साधारण 400. डब्यावर कंपनी काहीही आकडा छापो, आमच्या भिंतींवर दोन हातांना लिटरमागे 60 चौरस फूट मी धरतो. म्हणजे सात लिटर. ते एकदमच न्या आणि घरी एका मोठ्या बादलीत सगळे डबे ओतून ढवळा. मग डब्याडब्यांतला फरक उरतच नाही. तरीही कमी पडतोय असं दिसलं तर उरलेल्या रंगात अर्धी भिंत सुरू करू नका. नवा डबा कोपऱ्यापासून सुरू करा. दोन भिंतींवर उजेड तसाही वेगवेगळा पडतो, त्यामुळे छटेतला फरक कोपऱ्यात मुरतो.

शेड कार्डवरच्या बोटभर चौकोनावरून रंग ठरवणाऱ्यांबद्दल काय बोलू. माझ्या दुकानात ट्यूबलाइट आहे, तुमच्या हॉलमध्ये पिवळा बल्ब. कार्डावर जो "हलका लिंबू" असतो तो चार भिंतींवर चढला की लग्नातली हळद होते. अर्धा-एक लिटर आणा, दोन बाय दोन फुटांचा पट्टा मारा, सकाळी, दुपारी आणि दिवा लावून बघा. आवडला नाही तर तेवढेच पैसे गेले. "वेळ नाही हो काका" म्हणणारे नंतर त्याच रंगाच्या भिंतीसमोर रोज जेवतात.

आणखी काही, पटापट

आधी छत, मग भिंती, शेवटी दारं-खिडक्या. उलटं केलंत तर दारावरचे ठिपके पुसत बसाल.

भिंतीच्या मधे चहाला उठू नका. सुकलेल्या कडेवर पुन्हा रोलर फिरला की पट्टा उमटतो. भिंत संपवा, मग प्या.

रंगात पाणी किती ते डब्यावर लिहिलेलं असतं. "आम्ही अंदाजाने घालतो" हे ऐकू आलं की मोजायचा मग स्वतः हातात घ्या. पाणी वाढवलं की रंग लांब पुरतो, आणि तीन हात मारूनही खालचा डाग दिसत राहतो.

स्विचबोर्डच्या प्लेटा मेन बंद करून उघडा, भोवती ब्रशने नक्षी काढू नका.

जमिनीवर वर्तमानपत्र नको, जुनी सुती लुगडी पसरा. कागद पायाखाली सरकतो आणि त्याच्यासोबत शिडीही.

कडांना रंग लागू नये म्हणून लावलेली चिकटपट्टी रंग पुरता सुकायच्या आत काढा.

दुसरा हात डब्यावर लिहिलेल्या वेळेआधी नको. पावसाळी हवेत त्या वेळेची दुप्पट धरा.

उरलेला रंग लहान डब्यात काठोकाठ भरून झाकण ठोकून ठेवा. त्यावर खोलीचं नाव, शेड नंबर आणि तारीख लिहा. तोच नंबर मेनच्या स्विचबोर्डाच्या झाकणाच्या आत पेन्सिलीने लिहून ठेवा. डबा माळ्यावर हरवतो, गंजतो, नाहीतर पुरात जातो. माझा गेला होता.