रेड डॉट झिरो करताना आधी डोकं हलवून बघा

रायफलवर नवा रेड डॉट, म्हणजे भिंगात लाल ठिपका दाखवणारी नेम धरायची साइट, लावून रेंजवर आलेला माणूस पहिल्या तीन गोळ्या झाल्या की ती झिरो करायला, म्हणजे ठिपका असेल तिथेच गोळी लागावी म्हणून, थेट नेम जुळवायच्या स्क्रूला हात घालतो. मीही तेच करायचो. एका सकाळी पन्नासेक गोळ्या फुकट गेल्यावर कळलं, साइट ठीकच होती; माझा गालच दर वेळी दस्त्यावर वेगळ्या जागी टेकत होता.

एक डोळा मिटा, अंगठा भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवा आणि डोकं जरा हलवा. अंगठा घड्याळावरून सरकतो. हाच पॅरॅलॅक्स. रेड डॉटमधलं भिंग ठिपक्याचा प्रकाश समांतर करून डोळ्यात पाठवतं, त्यामुळे ठिपका फार लांब असल्यासारखा दिसतो आणि हे सरकणं जवळपास थांबतं. जवळपासच! डोळा मध्यापासून ८ मिमी बाजूला गेला, तर चांगल्या साइटमध्येही नेम साधारण तेवढाच चुकतो. एवढ्याशाने काय होतं? पण २५ मीटरवर ती चूक खरी मानून स्क्रूचे क्लिक (टप्पे) फिरवलेत, तर डोळा मध्यावर ठेवून १०० मीटरवर मारलेली गोळी ३ सेंमी बाहेर जाते.

म्हणून आधी चेंबर उघडून रायफल रिकामी असल्याची खात्री करा. माउंटचे, म्हणजे साइट रायफलला धरून ठेवणाऱ्या भागाचे, स्क्रू नीट आवळा. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवा, ठिपका टार्गेटवर आणा आणि तिला न हलवता डोकं वर-खाली, डावी-उजवीकडे न्या. ठिपका टार्गेटवरून किती सरकतो, ते डोक्यात ठेवा. ठिपक्याचा उजेडही कमी करा. फार तेज ठिपका पसरट दिसतो.

आता गोळ्या भरा. २५ मीटरवर, एकाच जागी नेम धरून पाच गोळ्या. मध्येच स्क्रू फिरवायचा नाही. एखादी भरकटली तर तिला सोडा, बाकीच्यांचा मध्य काढा. समजा तो ४० मिमी खाली आणि २२ मिमी डावीकडे आहे. २५ मीटरवर १ एमओए (कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग) म्हणजे साधारण ७.३ मिमी, साइटचा एक क्लिक अर्ध्या एमओएचा असेल तर ११ क्लिक वर, ६ क्लिक उजवीकडे. स्क्रूजवळचा बाण बहुधा गोळी कुठे सरकेल ते दाखवतो, ठिपका नव्हे. इथे निम्मे लोक उलटं फिरवतात.

पुन्हा पाच गोळ्या, मग ५० मीटरवर पडताळणी. साइट नळीच्या वर बसते, त्यामुळे गोळी प्रत्येक अंतरावर ठिपक्याशी जुळणार नाही. शेवटी चिकटपट्टीवर झिरोचं अंतर आणि गोळ्यांचा ब्रँड लिहून दस्त्याला लावा. गोळ्या बदलल्या की हे सगळं पुन्हा.