जमैकाच्या मॅरून लोकांविषयी लिहिताना या चुका टाळा

पहिली अडचण नावातच आहे. गुलामीतून निसटून जमैकाच्या डोंगरांत स्वतंत्र वस्त्या वसवणाऱ्या आफ्रिकी वंशाच्या लोकांना ‘मरून’ म्हटले, तर ‘ते मरून लढले’ यासारखे वाक्य मराठी वाचक भलत्याच अर्थाने वाचतो. म्हणून ‘मॅरून’ लिहावे. ‘पळपुटे’ हा शब्द तर नकोच, कारण तो भित्र्यांसाठी आहे, आणि हे लोक इंग्रजी फौजांशी जवळजवळ दशकभर झुंजले.

त्यांचा इतिहास इंग्रजी मळ्यांपासून सुरू करणे ही दुसरी चूक. १६५५ मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले, तेव्हा स्पॅनिशांचे अनेक गुलाम आधीच डोंगरांत होते किंवा त्या धामधुमीत तिकडे गेले.

मॅरूनांचा नेता कुजो याने इंग्रजांशी केलेल्या तहाचे साल कुठे १७३८ तर कुठे १७३९ आढळते. त्यातले एक चूक ठरवून खोडू नये: तेव्हाच्या इंग्रजी पंचांगात नवे वर्ष २५ मार्चला लागत असल्यामुळे १ मार्चचा हा तह जुन्या गणनेने १७३८ मध्ये, आजच्या गणनेने १७३९ मध्ये पडतो.

सर्वांत मोठी चूक मात्र तहाचा अर्धाच मजकूर सांगण्याची आहे. कुजोच्या लोकांना स्वातंत्र्य आणि १५०० एकर जमीन मिळाली, हे सगळे लिहितात. पण यापुढे पळून येणाऱ्यांना पकडून परत करण्याची आणि बंडे मोडण्यास मदत करण्याची अटही त्यात होती, हे अवघड वाटते म्हणून गाळले जाते. मग १७६० च्या गुलामांच्या उठावाचा नेता टॅकी मॅरून नेमबाजाच्या गोळीने कसा मेला, याचा उलगडाच होत नाही.

मॅरूनांची पुढारी नॅनी हातांनी गोळ्या झेलत असे, ही लोककथा आहे. ती लोककथा म्हणूनच सांगावी. जमैकाच्या ५०० डॉलरच्या नोटेवर तिचे चित्र आहे, एवढ्यावरूनही तिचे स्थान कळते.

आपल्याकडे याच ओळीत मलिक अंबरला बसवण्याचा मोह होतो. तोही आफ्रिकेतून गुलाम म्हणून आला, परंतु मालकाच्या मृत्यूनंतर मोकळा होऊन निजामशाहीचा कारभारी झाला. ती वाट निराळी.

शेवटी, ‘मॅरून हद्दपार झाले’ असे सरसकट लिहू नये. १७९५ मध्ये इंग्रजांशी झालेल्या युद्धानंतर ट्रेलॉनी टाउन या मॅरून वस्तीचे लोक १७९६ मध्ये कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाला आणि १८०० मध्ये सिएरा लिओनला पाठवले गेले. अकॉम्पाँग या दुसऱ्या मॅरून वस्तीचे लोक त्या युद्धात त्यांच्या बाजूने उतरले नाहीत, आणि त्यांचे वंशज आजही तिथे दरवर्षी ६ जानेवारीला उत्सव करतात.