मीटर हिरवं होतं, तरी ताशा फाटला

गणपतीच्या आधी संध्याकाळी मुठेच्या पात्रात पथकांचा सराव ज्यांनी ऐकलाय, त्यांना ताशा किती कडक वाजतो हे सांगायला नको. साउंडच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी तो रेकॉर्ड करायला गेलो. सरांचं एकच वाक्य डोक्यात: मीटर लाल होऊ द्यायचं नाही. मी होऊ दिलं नाही. दीड तासात एकही पीक, म्हणजे आवाजाचा उंच माथा, उणे ९ डेसिबलच्या वर गेला नाही; मीटरवर शून्य ही वरची हद्द. रात्री खोलीवर हेडफोन लावला, तर ताशाचा प्रत्येक ठोका फाटलेला. वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख, मोठा करून पाहिला. सगळे माथे एकाच रेषेत, सुरीने छाटल्यासारखे सपाट. तेही उणे ९ वर. शून्याच्या जवळपासही काही नव्हतं.

हे उलगडायला मला चार दिवस लागले, म्हणून सावकाश सांगतो. माइकचा सिग्नल आधी प्रीअँपमध्ये वाढतो, मग कन्व्हर्टरमध्ये त्याचे आकडे होतात, मग त्या आकड्यांची लेव्हल ठरते, आणि मग मीटर. १६ बिटच्या फाइलमध्ये सगळ्यात मोठा आकडा ३२,७६७. त्यावरचं काही लिहिताच येत नाही, माथा तिथेच कापला जातो. प्रीअँपचीही अशीच एक मर्यादा असते. माझ्या रेकॉर्डरला गेनचं, म्हणजे प्रीअँप आवाज किती वाढवणार ते ठरवणारं, लो-मीडियम-हाय असं बटण होतं, ते हायवर राहिलेलं. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी मीटर लाल झालं तेव्हा मी लेव्हलचं बटण खाली आणलं. पण ते नंतरच्या टप्प्यावरचं! आधीच फाटलेला आवाज मी फक्त लहान केला, आणि मीटरने तो लहान झालेला आवाज दाखवला.

तेव्हा आधी गेन, बाकी सगळं नंतर. वादकांना सगळ्यात जोरात वाजवायला लावा आणि तेव्हाच गेन लावा. बोलण्याचे पीक उणे १२ च्या आसपास ठेवा, ताशाचे उणे १८ ला. २४ बिटमध्ये आकडे खूप बारीक असतात, त्यामुळे एवढी जागा सोडली तरी काही बिघडत नाही, घाबरू नका. गेन तळाला आणूनही लाल होत असेल तर माइकचा पॅड (सिग्नल आधीच कमी करणारं बटण) लावा, नाहीतर मागे सरका. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल कमी होतात.

फाटलेला आवाज दुरुस्त करणाऱ्या डी-क्लिप सॉफ्टवेअरच्या भरवशावर राहू नका. कापलेला माथा ते अंदाजाने भरतं. एखादा शब्द वाचेल, दीड तासाचा ताशा नाही. ३२ बिट फ्लोट, म्हणजे शून्याच्या वरचे आकडेही लिहिता येणारं रेकॉर्डिंग, चांगलं आहे, पण माइकच फाटला तर तेही काही करू शकत नाही. आणि ‘पोस्टमध्ये बघू’, म्हणजे नंतर एडिटिंगमध्ये सुधारू, असं म्हणणाऱ्या सीनियरच्या हाताखाली फार दिवस काढू नका, सवय लागते.

ऐकताना आवाज फाटला म्हणजे फाइल गेलीच, असं मात्र नाही. व्हॉल्यूम अगदी कमी करून ऐका. फाटणं थांबलं तर दोष स्पीकरचा किंवा अँपचा, फाइल शाबूत आहे. प्लेअरचा व्हॉल्यूम १०० टक्क्यांच्या वर किंवा इक्वलायझरमध्ये बेस चढवलेला असेल, तर तेही तपासा. एमपीथ्री काढताना वर १ डेसिबल जागा सोडा, कारण एन्कोडिंगमध्ये पीक थोडे वाढतात.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा पात्रात गेलो. गेन लोवर, माइक वीस पावलं मागे. पीक उणे २० ला आले. खोलीवर येऊन लेव्हल वाढवली, तेव्हा ताशाची तर्री, म्हणजे काड्यांचा सलग जलद मारा, काडी-काडी मोजता येईल इतकी सुटी ऐकू आली.