हिरवा दिवा लागला म्हणजे ऐकू आलं असं नाही: वायरलेस माइक वापरताना या चुका टाळा

श्रवणयंत्राच्या जोडीला वायरलेस माइक घेतलेल्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: "एवढं घेतलं, पण फरक काही पडत नाही." मी गेली बारा वर्षं कमी ऐकू येणाऱ्या मुलांसोबत काम करते. या तक्रारीमागे खरोखर बिघडलेलं यंत्र मला क्वचितच सापडलंय. सापडतात त्याच त्या चुका, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त बोलणाऱ्याच्या बाजूच्या असतात.

सगळ्यात आधी माइकची जागा. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, पण समोरच्याच्या बोलण्याबरोबर पंख्याची घरघर, बाकांचा कर्कश आवाज आणि मागच्यांची कुजबुजही मोठी करतं. वायरलेस माइक यासाठीच असतो, की बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ आवाज अजून ठळक असतानाच तो उचलावा आणि थेट कानापर्यंत पोचवावा. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. तोंडापासून 20 सेंटिमीटरवरचा माइक 160 सेंटिमीटरवर नेलात तर 18 डेसिबल गेले, आणि खोलीतला गोंगाट मात्र होता तेवढाच राहिला. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला शिक्षकांचा आवाज गोंगाटापेक्षा किमान 15 डेसिबलने वरचढ मिळायला हवा, असं या क्षेत्रात धरून चालतात. आता बघा, माइक नुसता टेबलावर ठेवल्याने काय हातातून गेलं.

तरीही माइक दिसतो तो टेबलाच्या मधोमध, शर्टाच्या खिशात, नाहीतर प्रोजेक्टरच्या पंख्याशेजारी. आणि मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे ऐकणाराच माइक स्वतःजवळ ठेवून बसतो. महागाची वस्तू दुसऱ्याच्या हातात कशी द्यायची, ही भीती असते. त्याहून मोठा असतो तो "हे जरा गळ्यात घालाल का" असं म्हणण्याचा संकोच. हा संकोच मी खूप जवळून पाहिलाय, म्हणून त्यावर मी कुणाला रागवत नाही. पण माइक स्वतःच्याच छातीवर असेल तर तो श्रवणयंत्रातल्या माइकपेक्षा वेगळं काहीच करत नाही. म्हणून नव्या मुलाला मी पहिल्या दिवशी एकही बटण शिकवत नाही. एक वाक्य पाठ करून घेते: "हा माइक लावाल का? म्हणजे मला तुमचं बोलणं नीट कळेल." हे वाक्य घरातल्या चार माणसांना म्हणून दाखवलं की मगच पुढचं.

जागा म्हणाल तर हनुवटीखाली वीतभर, छातीच्या मधोमध. दोरी लांब असली की माइक पोटावर लोंबतो, म्हणून मी दोरीला सरळ गाठ मारून देते. बऱ्याच माइकना दिशा असते, त्यामुळे आवाज घेणारी बाजू वर, तोंडाकडे हवी. स्कार्फ, जाकिटाची चेन किंवा गळ्यातली साखळी माइकवर घासली तर ऐकणाऱ्याच्या कानात वाक्यावाक्याला खरखर होते. बोलणाऱ्याला ती कळतसुद्धा नाही.

आता दुसरी चूक. ही माझ्याही हातून झाली आहे आणि तिचं मला आजही वाईट वाटतं.

नऊ वर्षांची मुलगी होती. दोन्ही कानांना श्रवणयंत्रं आणि गळ्यात रिसीव्हरची, म्हणजे माइकचा आवाज घेणाऱ्या यंत्राची, लूप (तारेचं वेटोळं). अशी लूप आवाज चुंबकीय क्षेत्रातून पाठवते आणि श्रवणयंत्रातली टेलिकॉइल नावाची छोटी कॉइल तो पकडते. तिच्या वर्गशिक्षिका मनापासून काम करणाऱ्या. माइक रोज चार्ज केलेला, रोज बरोबर जागी. रोज सकाळी त्या विचारायच्या, "ऐकू येतंय ना?" मुलगी मान डोलवायची. मी फोनवर त्यांना विचारायचे, "सगळं ठीक?" त्या म्हणायच्या, "ठीक." असे तीन आठवडे गेले.

श्रुतलेखनात ती मागे पडायला लागली म्हणून मी एक दिवस वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले. बाईंनी शब्द सांगितला की सगळ्या पेन्सिली चालू व्हायच्या, हिची मात्र थांबलेली. शेजारणीची पेन्सिल हलली की हिची नजर तिच्या वहीत, आणि मग हिची पेन्सिल कागदावर. प्रत्येक शब्दाला हेच. मधल्या सुट्टीत मी तिची यंत्रं तपासणीच्या नळीला लावून स्वतः ऐकली. ही नळी डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखीच असते. वर्गातला गलका येत होता, बाईंच्या माइकमधला एक शब्दही नाही. तीन आठवड्यांपूर्वी दोन्ही यंत्रं दुरुस्तीहून परत आली होती आणि तिथे टेलिकॉइलचा प्रोग्रामच पुसला गेला होता. लूप आवाज पाठवत होती, तो घेणारं कुणी नव्हतं. माइकवर हिरवा दिवा, रिसीव्हरवर हिरवा दिवा.

"सांगितलं का नाहीस गं?" असं विचारल्यावर ती म्हणाली, "बाई रोज विचारतात. नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल."

तेव्हापासून "ऐकू येतंय का?" हा प्रश्न मी बंद केलाय आणि भेटेल त्या शिक्षकाला, पालकाला बंद करायला लावते. मूल हो म्हणतं, वडीलधारी माणसंही हो म्हणतात, कारण हो म्हणणं सोपं असतं. त्याऐवजी माइक लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा, पाठ करून उभे राहा आणि हळू आवाजात काहीतरी सांगा. "वहीवर निळा गोल काढ." गोल निघाला तर आवाज पोचला. लहान मुलांसाठी डॅनियल लिंग या श्रवणतज्ज्ञांची सहा ध्वनींची चाचणी आहे: म, ऊ, आ, ई, श, स. 'म'पासून 'स'पर्यंत बोलण्यातले खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचे आवाज त्यात येतात. क्रम रोज बदला आणि मध्येच एकदा गप्प राहा, नाहीतर मूल अंदाजाने बोलतं. एक मिनिट लागतं. हे एक मिनिट वाचवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांना त्या मुलीच्या पेन्सिलीची गोष्ट सांगते.

टेलिकॉइलच्या बाबतीत आणखी एक. यंत्र नुसत्या 'टी'वर, म्हणजे फक्त टेलिकॉइलवर, ठेवलं तर माइकचा आवाज स्वच्छ येतो, पण शेजारी बसलेलं मूल काय म्हणालं ते कळत नाही आणि स्वतःचं बोलणंही नीट ऐकू येत नाही. वर्गात शक्यतो 'एमटी' (यंत्राचा स्वतःचा माइक आणि टेलिकॉइल एकत्र) ठेवा, म्हणजे दोन्ही येतं. लूपमधून सतत गुणगुण येत असेल तर आधी जागा बदलून पाहा. विजेच्या तारा, जुन्या ट्यूबलाइट आणि दिव्यांचे डिमर ही नेहमीची कारणं.

बिघाड झाला की अधीर माणसं पहिली गोष्ट करतात ती रीसेट. कृपा करून असं करू नका. रीसेटने पेअरिंग, म्हणजे यंत्रांची आपसातली जोडणी, जातं आणि मूळ दोष होता तिथेच राहतो, आता मात्र शोधायला दोन दोष झाले. मी नेहमी कानापासून सुरुवात करते. आधी श्रवणयंत्राची बॅटरी आणि इयरमोल्डमध्ये (कानात बसणाऱ्या साच्यात) मळ साचलाय का ते. मग माइक बंद ठेवून नुसतं श्रवणयंत्र ऐकायचं. मग प्रोग्राम. मग रिसीव्हर. माइक शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दुसरा संच हाताशी असेल तर एकेक भाग अदलाबदल करून पाहायचा.

बाकीच्या चुका थोडक्यात. श्रवणयंत्राच्या झिंक-एअर (हवा लागल्यावर चालू होणाऱ्या) बॅटरीचं स्टिकर काढल्यावर लगेच बॅटरीच्या कप्प्याचं दार बंद करू नका, मिनिट-दोन मिनिटं हवा लागू द्या. स्टिकर परत लावून बॅटरी वाचत नाही. वायरलेस चालू असताना बॅटरी लवकर उतरते, तो दोष समजू नका.

एफएम रेडिओ लहरींवर चालणारे जुने माइक-संच शेजारच्या दोन खोल्यांत एकाच चॅनेलवर असतील तर मुलाला भलत्याच वर्गाचा धडा ऐकू येतो, तेव्हा चॅनेल वाटून घ्या. 2.4 गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या डिजिटल संचांना ही अडचण सहसा येत नाही. पण या लहरी माणसाच्या शरीरात अडतात, म्हणून ट्रान्समीटर (आवाज पाठवणारा भाग) मागच्या खिशात ठेवून फिरू नका.

फोन आणि साधे ब्लूटूथ इअरफोन वापरून काम भागवण्याचा सल्ला हल्ली फार दिला जातो. त्यात आवाज ओठांच्या मागे पडतो आणि ओठ पाहून समजून घेणाऱ्याची दमछाक होते. शांत खोलीत फोनवरचं भाषण ऐकायला ठीक, वर्गात नाही.

पहिल्याच दिवशी गजबजलेल्या हॉलमध्ये जाऊन "जमत नाही" असा निकाल देऊ नका. आधी शांत खोली आणि एक माणूस, मग दोन माणसं, मग जेवणाचं टेबल. चर्चेत माइक हातोहात फिरवा. फिरवणं शक्य नसेल तर दुसऱ्याने विचारलेला प्रश्न माइक लावलेल्याने आधी स्वतः म्हणून दाखवावा.

आणि म्यूटचं बटण. वर्गाबाहेर पडताना, कुणाशी खाजगी बोलताना ते दाबायचं, आणि परत आल्यावर सोडायचं. दोन्ही विसरलं जातं. पहिलं विसरलं तर शिक्षकांचं दुसऱ्या पालकाशी झालेलं बोलणं मुलाच्या कानात जातं. दुसरं विसरलं तर उरलेला तास मूल नुसतं बघत बसतं. मी शिक्षकांना दाराच्या चौकटीवर, डोळ्यांच्या उंचीला, एक लाल ठिपका चिकटवायला सांगते. जाताना दिसतो, येताना दिसतो, आणि हात आपोआप माइककडे जातो.