डॅकसाठी डिजिटल केबल घेताना

फोंड्यात माझं घर, आणि ऐकायला मुख्यतः अभिषेकीबुवा. सीडी प्लेअर नि डॅक (डिजिटल सिग्नलचा ऐकण्याजोगा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारी पेटी) जोडायला केबल हवी होती. दुकानदाराने साडेचार हजारांची पुढे केली, "आवाज खुलतो" म्हणाला. मी घेतलीही. पुढे घरातली जुनी पिवळ्या टोकाची व्हिडिओ केबल लावून पाहिली. बुवांच्या आवाजात तसूभर फरक नाही!

कारण साधं आहे. कोअ‍ॅक्शियल डिजिटल केबल, म्हणजे तारेतून विजेच्या रूपात सिग्नल नेणारी, ७५ ओहमची (ओहम हे विजेच्या अडथळ्याचं माप) लागते, आणि ती पिवळी केबलही ७५ ओहमचीच असते. लाल-पांढऱ्या टोकांची ऑडिओ केबलची जोडी मात्र टाळा. तिचा ओहम ठरलेला नसतो. कमी अंतरात तीही बहुधा चालते, पण मुद्दाम कशाला?

ऑप्टिकल कधी घ्यावी? टीव्ही किंवा सेट-टॉप बॉक्स जोडल्यावर स्पीकरमधून घूंऽऽ ऐकू येऊ लागलं, तर. तिच्यातून वीज नव्हे, प्रकाश जातो, त्यामुळे अर्थिंगची कटकट त्या वाटेने येत नाही. टोकांवरची प्लास्टिकची टोपणं काढायला विसरू नका (मी अर्धा तास विसरलो होतो), आणि कपाटामागे ती काटकोनात दुमडू नका. ९६ किलोहर्ट्झच्या वरच्या (म्हणजे सेकंदाला ९६ हजारांहून जास्त नमुने घेतलेल्या) फाइली असतील, तर कोअ‍ॅक्शियल बरी.

आपल्याकडे खरा वैरी पावसाळा. दमट हवेने पिना काळवंडतात. सोन्याचा मुलामा हवा तो यासाठी, आवाजासाठी नव्हे. चतुर्थीच्या साफसफाईत मी प्लग काढून कोरड्या फडक्याने पुसतो.

लांबी दीड मीटर पुरे. उरलेल्या पैशांत स्पीकरचे स्टँड घ्या.